वैद्यकीय बोर्डाची परीक्षा : भीती, टाळाटाळ आणि दुसरा प्रयत्न

प्रश्न थोडक्यात असा आहे. विशेषज्ञतेचे प्रशिक्षण पूर्ण केलेल्या एका डॉक्टरांना विशेषज्ञ म्हणून मान्यता देणाऱ्या बोर्डाच्या परीक्षेत पहिल्या प्रयत्नात अगदी थोड्या गुणांनी अपयश आले आणि दुसरा प्रयत्न आता अकरा आठवड्यांवर आला आहे. रोज सात-आठ तास अभ्यास होतो, विषय समजतो, वॉर्डात रुग्ण पाहताना कुठे अडत नाही; पण वेळ लावून प्रश्न सोडवायला बसले की छाती धडधडू लागते, वाचलेले वाक्य डोक्यात शिरत नाही, आणि संध्याकाळी तेच प्रश्न शांतपणे पाहिले की उत्तरे आपोआप येतात. रात्रीची झोप उडाली आहे. ‘आधी ही भीती गेली पाहिजे, मग अभ्यास नीट होईल, तर ती घालवायची कशी,’ असे त्यांनी विचारले आहे.

मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि गेली बावीस वर्षे माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये परीक्षेच्या तयारीत असलेले डॉक्टर मोठ्या संख्येने असतात. त्या अनुभवावरून सांगतो की या प्रश्नातला क्रम उलटा आहे. भीती आधी जाते आणि मग अभ्यास सुधारतो, असे मी क्वचितच पाहिले आहे. ज्या गोष्टीची भीती वाटते ती गोष्ट भीतीसकट, थोड्या-थोड्या मापाने आणि नेमाने करत राहिल्यावर भीती ओसरते. तुमचा सगळा दिवस मात्र ती गोष्ट टाळण्यात जातो आहे, आणि ती टाळाटाळ अभ्यासाच्या रूपात होत असल्यामुळे कोणालाच, तुम्हालाही, ती टाळाटाळ वाटत नाही.

आधी भीतीचे स्वरूप पाहू. परीक्षेच्या चिंतेचे दोन भाग असतात, ही मांडणी लीबर्ट आणि मॉरिस या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये केली आणि ती आजही उपयोगी पडते. एक भाग शरीराचा : धडधड, घाम, पोटात गोळा, कोरडा घसा. दुसरा भाग विचारांचा : ‘पुन्हा नापास झालो तर’, ‘बरोबरीचे सगळे पुढे निघून गेले’, ‘मी मुळात या कामाचाच नाही’. गुण खाली ओढण्यात या दुसऱ्या भागाचा हात जास्त असतो, कारण प्रश्नातील वय, लक्षणे, तपासण्यांचे आकडे एकाच वेळी मनात धरून ठेवायला जी मर्यादित जागा लागते, तीच जागा हे विचार अडवून बसतात. वाक्य तीनदा वाचूनही अर्थ लागत नाही, तो यामुळे. बहुतेकजण मात्र धडधडीलाच शत्रू समजतात आणि ती थांबवण्यात सगळी शक्ती घालवतात. धडधडत्या छातीने उत्तम पेपर लिहिणारे कितीतरी डॉक्टर माझ्या माहितीत आहेत.

आठवण अडण्यालाही शारीरिक कारण आहे. तणावात कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढते, आणि साठवलेली माहिती बाहेर काढण्याची क्रिया त्याने काही काळ मंदावते. २००० साली द क्वेर्व्हें आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना कॉर्टिसोन (शरीरात ज्याचे कॉर्टिसोल होते ते औषध) देऊन हे दाखवले : आधी पाठ केलेले शब्द आठवण्यात ती माणसे कमी पडली, पण शब्द पाठ करण्याच्या वेळी कॉर्टिसोन दिले तर तसा परिणाम झाला नाही. संध्याकाळी तुम्हाला उत्तरे येतात याचा अर्थ ज्ञान जागेवर आहे. ते काढण्याची वाट ताणाखाली बंद होते. तेव्हा करायचे काम वाट पक्की करण्याचे आहे, आणि तुम्ही मात्र रोज साठा वाढवत बसला आहात.

हे मला कसे कळले ते एका प्रसंगातून सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तुमच्यासारख्याच स्थितीत असलेल्या एका डॉक्टर बाईंना मी एकदा माझ्या खोलीतच दहा प्रश्न सोडवायला बसवले आणि बाजूला बसून नुसते पाहत राहिलो. चौथा प्रश्न अठ्ठावन्न वर्षांच्या एका पुरुषाचा होता : चालताना दम लागतो, पाय सुजतात, श्वास आत घेताना मानेतील शिरेचा दाब उतरण्याऐवजी चढतो, तरुणपणी लिम्फोमा या कर्करोगासाठी छातीवर रेडिएशन झालेले, आणि क्ष-किरण छायाचित्रात हृदयावरणावर कॅल्सिफिकेशन, म्हणजे कॅल्शियमचा थर. त्यांनी प्रश्न वाचला आणि कर्सर ‘कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिस’वर, म्हणजे कडक झालेल्या हृदयावरणाने हृदय आवळले जाण्याच्या बरोबर निदानावर, नेला. तिथे तो थांबला. मग त्या पुन्हा पहिल्या ओळीवर गेल्या. दुसऱ्यांदा वाचताना ओठ हलू लागले, तिसऱ्यांदा वाचताना डावा हात गळ्यापाशी गेला, आणि कर्सर ‘रिस्ट्रिक्टिव्ह कार्डिओमायोपथी’वर, म्हणजे हृदयाचा स्नायूच ताठर होण्याच्या आजारावर, सरकला. ‘रेडिएशनने हेही होऊ शकतं ना,’ असे त्या पुटपुटल्या आणि त्यांनी तेच उत्तर दिले. या एका प्रश्नावर चार मिनिटे गेली. दहा प्रश्न संपल्यावर त्यांनी पिशवीतून स्वतःच्या नोट्सची वही काढली. तीन रंगांच्या शाईत लिहिलेली, समासात चौकोन आखलेली, सातव्यांदा उजळणी चाललेली वही. ती उघडताच त्यांचे खांदे खाली आले आणि श्वास मोकळा झाला.

मला जे हवे होते ते त्या खांद्यांत दिसले. प्रश्नांपासून दूर जाऊन वहीकडे वळले की सुटका होते, आणि सुटका झाली की मेंदू शिकतो : पुढच्या वेळी लवकर वही उघड. कुत्र्याला घाबरणारा माणूस रस्ता बदलतो तेव्हा त्याला नेमके असेच हायसे वाटते, आणि प्रत्येक वेळी रस्ता बदलल्याने त्याची भीती थोडी आणखी घट्ट होते. फरक इतकाच की रस्ता बदलणाऱ्याला आपण भित्रा म्हणतो, आणि वही उघडणाऱ्याला मेहनती.

बरे, वही पुन्हा वाचण्याने निदान विषय तरी पक्का होतो का? रॉडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग या बाबतीत प्रत्येक परीक्षार्थीला ठाऊक असावा. त्यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा-पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्याने चित्र उलटले आणि आठवण्याचा सराव केलेले स्पष्टपणे पुढे गेले. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच : आपल्याला हे लक्षात राहील, असा विश्वास वारंवार वाचणाऱ्यांनाच जास्त वाटत होता. वाचलेले ओळखीचे वाटू लागते आणि ओळख म्हणजेच ज्ञान, असा समज होतो. परीक्षेत मात्र कोणी वही दाखवून ‘ही ओळखीची आहे का’ असे विचारत नाही.

२०१६ मध्ये स्मिथ, फ्लोर्क आणि थॉमस यांनी ताण आणि आठवण्याचा सराव या दोन धाग्यांची गाठ घातली. त्यांच्या प्रयोगात काहींनी मजकूर पुन्हा वाचून लक्षात ठेवला, काहींनी आठवण्याचा सराव करून. नंतर दोन्ही गटांतील काहीजणांना मुद्दाम तणावाखाली आणले. वाचून शिकलेल्यांची आठवण तणावाने घटली, सरावाने शिकलेल्यांची टिकून राहिली. म्हणजे जो सराव तुम्ही भीतीमुळे टाळता आहात, तोच त्या भीतीचा परिणाम बोथट करणारा आहे. माझ्या सल्ल्याचा गाभा इथे आहे. बाकीचे सगळे त्याला टेकू देण्यासाठी.

आता हे करायचे कसे. उद्यापासून रोज चाळीस प्रश्नांचा पूर्ण ब्लॉक वेळ लावून सोडवा, असे मी सांगणार नाही. दोन दिवसांत तुम्ही पुन्हा वहीकडे वळाल. सुरुवात दहा प्रश्नांनी करा, घड्याळ न लावता, पण सकाळची पहिली गोष्ट म्हणून, वही उघडण्यापूर्वी. धडधड होईल, होऊ द्या. दहाही प्रश्न संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही आणि मध्ये काही शोधायचे नाही, एवढीच अट. चार-पाच दिवसांत त्या दहा प्रश्नांची सवय झाली की त्याच दहा प्रश्नांना घड्याळ लावा. मग वीस, मग पूर्ण ब्लॉक, मग लागोपाठ दोन ब्लॉक, आणि शेवटच्या तीन आठवड्यांत निदान दोनदा परीक्षेइतक्याच लांबीचा पूर्ण दिवस : त्याच वेळी उठून, तेवढ्याच विश्रांतीत, घरातल्या नेहमीच्या टेबलावर न बसता वाचनालयासारख्या अनोळखी, थोड्या अवघडलेल्या जागी. पायरी बदलायची ती धडधड पूर्ण थांबली म्हणून नव्हे. धडधड असतानाही प्रश्न वाचता येऊ लागले की बदलायची. ही खूण नीट लक्षात ठेवा, कारण ‘अजून भीती वाटते, म्हणजे अजून तयार नाही’ या विचाराने अनेकांनी परीक्षेची तारीख दोन-दोन, तीन-तीनदा पुढे ढकललेली मी पाहिली आहे, आणि ढकललेल्या प्रत्येक तारखेबरोबर भीती वाढलेलीही पाहिली आहे. तारीख पुढे नेण्याला सबळ कारण असू शकते, उदाहरणार्थ आजारपण किंवा सरावातील गुण सातत्याने उत्तीर्णतेच्या बरेच खाली असणे. पण तो निर्णय आकड्यांवर आणि दुसऱ्या जाणत्या माणसाशी बोलून घ्यावा, मध्यरात्री एकट्याने घेऊ नये.

चुकलेल्या प्रश्नांची वही बहुतेकजण ठेवतात, आणि त्यात रोगाची माहिती उतरवून घेतात. मी वेगळी वही ठेवायला सांगतो. तिच्यात रोगाविषयी एक ओळ पुरे. बाकी जागेत त्या क्षणी मनात काय चालले होते ते लिहायचे. वर सांगितलेल्या बाईंनी त्या प्रश्नाखाली असे लिहिले : ‘पहिले उत्तर बरोबर होते. इतके सोपे कसे असेल, असे वाटले. कॅल्सिफिकेशन वाचले होते, पण तिसऱ्या वाचनात ते दिसलेच नाही.’ तीन आठवड्यांनी त्यांनी ती वही चाळली तेव्हा निम्म्याहून अधिक चुका माहितीच्या अभावाने झालेल्या नव्हत्याच. ‘इतके सोपे कसे असेल’ हे वाक्य पानापानावर होते. एका वाक्याशी लढता येते. ‘मला काहीच येत नाही’ या धुक्याशी लढता येत नाही. कोणाच्या वहीत वेगळे निघते : कोणी शेवटची ओळ न वाचताच पर्याय पाहतो, कोणी एक प्रश्न अवघड गेला की पुढचे तीन त्याच्याच विचारात सोडवतो. आणि कोणाच्या वहीत खरोखरच किडनीचे किंवा संख्याशास्त्राचे प्रश्न सारखे चुकलेले दिसतात; तिथे मानसिक उपायांची गरज नाही, तो विषय बसून शिकावा.

सरावाच्या गुणांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आयुष्यभर वर्गात पहिले आलेल्या माणसाला ती आतून पटलेली नसते. बहुतेक परवाना परीक्षांची उत्तीर्णतेची रेषा, सुरक्षितपणे काम करू शकणाऱ्या किमान पात्रतेच्या डॉक्टरला किती प्रश्न जमावेत, या विचारावर आखली जाते. तज्ज्ञांची मंडळी एकेक प्रश्न घेऊन, काठावरच्या पात्र उमेदवारांपैकी किती जणांना तो यावा याचा अंदाज करतात. या पद्धतीला अँगॉफ पद्धत म्हणतात आणि तिचे मूळ १९७१ मधील एका लेखनात आहे. अमेरिकेतील यूएसएमएलई या डॉक्टरांच्या परवाना परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी साधारण साठ टक्के प्रश्न बरोबर यावे लागतात, असे ती परीक्षा घेणारी संस्थाच सांगत आली आहे. म्हणजे दहापैकी चार प्रश्न चुकण्याची तिथे सोय आहे. त्याखेरीज अशा अनेक परीक्षांमध्ये पुढच्या वर्षांसाठी पारखून पाहण्याचे, गुण न धरले जाणारे प्रश्न मिसळलेले असतात, त्यामुळे एखादा प्रश्न विचित्र वाटला तर तो मोजलाच जात नसण्याची शक्यता असते. ज्याला पंच्याण्णव टक्क्यांची सवय आहे, त्याला साठ-पासष्ट टक्क्यांचा ब्लॉक सोडवताना सतत बुडाल्यासारखे वाटते, आणि प्रत्यक्षात तो पाण्यावर असतो. परीक्षा विचारते आहे, ‘तुमच्या हाती रुग्ण सुरक्षित आहे का?’ तुम्ही उत्तर देता आहात ते ‘मी सर्वांत हुशार आहे का?’ या प्रश्नाचे. तो प्रश्न त्या कागदावर नाही.

त्या दुसऱ्या प्रश्नाची मुळे खोल असतात. क्लान्स आणि आइम्स यांनी १९७८ मध्ये कर्तबगार स्त्रियांचा अभ्यास करून एक अनुभव नोंदवला : यश मिळूनही आपण या जागेच्या लायकीचे नाही, आपले बिंग कधीतरी फुटणार, असे आत वाटत राहणे. डॉक्टरांमध्ये, पुरुषांमध्येही, हे मी सर्रास पाहतो. अशा मनाला पहिल्या प्रयत्नातील अपयश म्हणजे बिंग फुटल्याचा पुरावा वाटतो, आणि मग दुसऱ्या प्रयत्नाची तयारी ही अभ्यास न राहता स्वतःवरच्या खटल्याची तयारी होऊन बसते.

माझ्या विशेषज्ञतेच्या परीक्षेत मीही एकदा अनुत्तीर्ण झालो होतो. निकाल लागल्यावर जवळजवळ महिनाभर मी तो दोनच माणसांना सांगितला आणि इतरांना ‘निकाल अजून यायचा आहे’ असे सांगत राहिलो. त्या महिन्यातला थकवा अभ्यासाचा नव्हता. कोणाला काय सांगितले आहे हे लक्षात ठेवण्याचा होता. शेवटी ज्या वरिष्ठांना सांगायला मी सर्वांत जास्त कचरत होतो त्यांनाच सांगितले. त्यांनी कुठल्या विषयात कमी पडलो एवढेच विचारले आणि गुरुवारी दुपारी येऊन बसायला सांगितले. म्हणून माझी विनंती आहे की निकाल लपवण्यात शक्ती घालवू नका. सगळ्या जगाला सांगण्याची गरज नाही. विषयाची जाण असलेला एक, आणि परीक्षेशी काही संबंध नसलेला, तुमच्यावर माया असलेला एक, अशी दोन माणसे पुरेत. घरच्यांना मात्र स्पष्ट शब्दांत सांगा की रोज ‘किती झाला अभ्यास’ असे विचारू नये. काळजीपोटीच ते विचारतात, पण संध्याकाळी तो प्रश्न जिव्हारी लागतो. त्याऐवजी त्यांनी काय करावे तेही सांगा, नाहीतर ती माणसे बिचारी नुसती दबकून वावरतात.

झोपेबाबत मी तडजोड करत नाही. व्हॅन डाँगेन आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासात दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोप मिळालेल्या निरोगी प्रौढांची लक्ष देण्याची आणि विचार करण्याची क्षमता इतकी घसरली की ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या पातळीवर आली. आणि त्यांना स्वतःला ही घसरण जाणवत नव्हती. रात्रपाळीची सवय असलेल्या डॉक्टरांना ‘मला कमी झोप चालते’ असे खरेच वाटत असते. त्या वाटण्यावर विसंबू नका. झोप लागण्याची वेळ आपल्या हातात नसते, उठण्याची असते. म्हणून उठण्याची वेळ एकच ठेवा, रविवारीसुद्धा. कॉफी दुपारनंतर बंद करा, कारण शरीरातील कॅफिन निम्म्यावर यायलाच सुमारे पाच तास लागतात. अंथरुणात प्रश्न सोडवू नका. वीस-पंचवीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद दिव्यात काहीतरी साधे, परीक्षेबाहेरचे वाचा आणि झोप आली की परत या. रात्री येणारे विचार संध्याकाळीच पंधरा मिनिटे ठरवून कागदावर उतरवले तर बऱ्याच जणांना रात्र हलकी जाते.

औषधांविषयी थोडक्यात, कारण डॉक्टर असल्यामुळे ती हाताशी असतात आणि धोका तिथेच आहे. स्वतःची चिठ्ठी स्वतः लिहू नका. प्रोप्रॅनोलॉल या हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या औषधाने थरथर आणि धडधड कमी होते, विचारांची साखळी त्याने तुटत नाही. दमा असलेल्यांना ते चालत नाही, आणि घ्यायचेच ठरले तर सल्ल्याने, आधी सरावाच्या दिवशी घेऊन पाहावे, परीक्षेच्या सकाळी पहिल्यांदा नव्हे. बेन्झोडायझेपिन या गटातील शामक औषधाने नवी आठवण तयार होण्यात अडथळा येतो आणि गुंगीही येते, त्यामुळे अभ्यासाच्या काळात मी ते टाळतो. दुसऱ्याच्या नावावरची उत्तेजक औषधे घेऊन जागलेल्यांची चिंता वाढलेली आणि झोप मोडलेली मी वारंवार पाहिली आहे.

परीक्षेच्या दिवशी छाती धडधडेल, हे आजच मान्य करून टाका. ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये दाखवले की अशा वेळी स्वतःला ‘शांत हो’ म्हणण्यापेक्षा ‘मी उत्सुक आहे’ म्हणणाऱ्यांची कामगिरी अधिक चांगली झाली. शरीर आधीच वेगात आलेले असताना त्याला थांबवण्यापेक्षा त्या वेगाला वेगळे नाव देणे सोपे जाते. परीक्षेआधी दहा मिनिटे मनातली भीती कागदावर लिहिल्याने गुण वाढल्याचा २०११ चा प्रयोग बराच गाजला, पण तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसाच परिणाम मिळाला नाही. ज्याला लिहून बरे वाटते त्याने खुशाल लिहावे, न लिहिणाऱ्याने चुकचुकू नये.

डोके बधिर झाले तर काय करायचे, हे आधीच ठरवून त्याचा सराव केलेला असावा, कारण त्या क्षणी नवी युक्ती सुचत नसते. मी पुढीलप्रमाणे शिकवतो. दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे, एक श्वास सावकाश आणि लांब बाहेर सोडायचा. मग प्रश्नाची फक्त शेवटची ओळ वाचायची : निदान विचारले आहे, पुढची तपासणी की उपचार? त्यानंतर रुग्णाचे वर्णन स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात करायचे, फोनवर वरिष्ठांना रुग्ण सांगावा तसे : ‘सर, अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ, रेडिएशनचा इतिहास, उजव्या बाजूच्या हृदयविकाराची लक्षणे, हृदयावरणावर कॅल्सिफिकेशन.’ हे वाक्य तुम्ही हजारो वेळा बोलला आहात. ताणातही ते निघते, आणि बऱ्याचदा उत्तर त्यातच असते. तरीही सुचले नाही तर सर्वांत शक्य वाटेल तो पर्याय निवडायचा, खूण करायची आणि पुढे जायचे. पुढे जाण्याची ही कृतीही सरावात मुद्दाम करून पाहावी लागते, कारण अर्धवट सोडलेला प्रश्न मागे ठेवणे आपल्या स्वभावात नसते.

उत्तर बदलावे की नाही, यावर पक्के मत असलेले लोक फार. ‘पहिले उत्तर कधी बदलू नये’ ही समजूत क्रूगर, वर्ट्झ आणि मिलर यांनी २००५ मध्ये तपासली. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरील खोडाखोडी मोजल्या तेव्हा निम्म्याच्या आसपास बदल चुकीकडून बरोबरकडे आणि सुमारे पाव बदल बरोबरकडून चुकीकडे झालेले आढळले. बदलून चुकलेले उत्तर मात्र मनाला जास्त टोचते, म्हणून ते लक्षात राहते. पण वर सांगितलेल्या बाईंनी बदललेले उत्तर या हिशेबात बसत नाही, कारण त्यांना नवी माहिती दिसली नव्हती. त्या घाबरल्या होत्या. म्हणून मी एवढेच विचारायला सांगतो : प्रश्नातील कोणत्या शब्दामुळे मी बदलतो आहे? तो शब्द बोट ठेवून दाखवता आला तर खुशाल बदला. दाखवता आला नाही तर हात आवरा.

मधल्या विश्रांतीत कोणाशी उत्तरांची चर्चा करू नका, फोन बंदच असू द्या, थोडे खा, चाला. एखादा ब्लॉक वाईट गेल्यासारखा वाटला, तर तुमचा हा अंदाज भरवशाचा नसतो, एवढेच आठवा.

एक गंभीर गोष्ट उरते. वर सांगितलेले सर्व परीक्षेच्या चिंतेविषयी आहे. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच गोडी वाटत नसेल, पहाटे लवकर जाग येत असेल, भूक मेली असेल, पूर्वी सहज होणारी कामे डोंगराएवढी वाटत असतील, तर ते नैराश्य असू शकते, आणि अभ्यासाचे वेळापत्रक हा त्याचा उपचार नव्हे. प्रशिक्षणार्थी डॉक्टरांच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे २९ टक्क्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणे आढळली होती; म्हणजे तुमच्या बॅचमध्ये तुम्ही एकटे असण्याची शक्यता फार कमी आहे. जगणे नकोसे वाटत असेल, मरणाचे विचार येत असतील, तर हे उत्तर वाचणे इथेच थांबवून जवळच्या माणसाला आत्ता सांगा आणि आजच मनोविकारतज्ज्ञांकडे किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. परीक्षा पुन्हा देता येते. त्याचप्रमाणे, लहानपणापासून वाचन संथ असेल किंवा लक्ष टिकत नसेल आणि हुशारीच्या जोरावर आजवर निभावले असेल, तर नीट तपासणी करून घ्या. एडीएचडी (लक्ष टिकवण्यातील विकार) किंवा डिस्लेक्सिया (वाचनातील अडचण) यांचे निदान झाल्यास अनेक परीक्षा मंडळे जादा वेळ देतात. मात्र कागदपत्रे आणि मंजुरी यांत महिने जातात, म्हणून अकरा आठवडे असताना ही चौकशी याच आठवड्यात करा.

पेपर झाल्यावर निकालापर्यंतचे काही आठवडे कोणी मोजत नाही, आणि पुष्कळजण तिथेच खचतात. चुकलेले प्रश्न तेवढे आठवत राहतात. बरोबर आलेले आठवत नाहीत, कारण ते अडले नव्हते. म्हणून परीक्षेच्या दुसऱ्या दिवसापासूनचे आठ-दहा दिवस आजच भरून ठेवा : रखडलेली कामे, भेटायची माणसे, शक्य असेल तर ड्युटीवर रुजू होणे. रुग्णांत परतलेल्यांना हा काळ कमी जड गेलेला मी पाहिला आहे. निकाल कुठे बसून, कोणाबरोबर उघडायचा हेही ठरवून ठेवा, आणि त्या माणसाला आजच कळवा. तो ड्युटीवर, दोन रुग्णांच्या मधे, एकट्याने फोनवर उघडू नका.

आणि उद्या सकाळी, वही कपाटातच राहू देऊन, दहा प्रश्न.